दूरमापनातील ताल : बिट सिंक्रोनायझरची बदलती भूमिका



दूरवर घडणाऱ्या गोष्टीची खबर जागच्या जागी बसून मिळावी, ही माणसाची फार जुनी गरज आहे. १६६० साली छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची वर्दी घोडखिंडीत झुंजणाऱ्या बाजीप्रभूंना तोफांच्या बारांनी मिळाली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. संदेशवहनाच्या दृष्टीने या कथेकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. खूण आधीच ठरलेली होती. परंतु खिंडीत शस्त्रांचा खणखणाट चालू होता. त्या गोंगाटातून तोफेचा बार वेगळा ओळखणे हे काम ऐकणाऱ्यालाच करावे लागले. साधने पार बदलली असली, तरी आजच्या दूरमापनशास्त्रात ऐकणाऱ्यापुढील काम तेच आहे.

दूरच्या ठिकाणी घेतलेली मोजमापे तारेने किंवा बिनतारी मार्गाने दुसरीकडे पोहोचविणे, याला दूरमापन म्हणतात. रशियन हवामानशास्त्रज्ञ पावेल मोल्चानोव्ह यांनी जानेवारी १९३० मध्ये फुग्याला बांधून आकाशात सोडलेल्या उपकरणाने वरच्या हवेची माहिती बिनतारी लहरींवरून जमिनीवर पाठविली, हा या शास्त्राच्या बाल्यावस्थेतील एक ठळक टप्पा होय. आज पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमापक, अतिदक्षता कक्षातील रुग्णाच्या हृदयाचे ठोके, चाचणीसाठी उडविलेले विमान, अग्निबाण आणि उपग्रह या सर्वांची वार्ता दूरमापनानेच मिळते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा अवतरक चंद्रावर उतरत असताना त्याची उंची व वेग दाखविणारे जे आकडे देशभर लोकांनी दूरचित्रवाणीवर श्वास रोखून पाहिले, तेही दूरमापनाचेच आकडे होते.

या साखळीतील मोजमाप घेणारी उपकरणे, प्रक्षेपक, भल्यामोठ्या तबकडीसारखे ॲंटेना आणि शेवटी संगणक ही नावे सर्वांच्या परिचयाची असतात. परंतु ॲंटेना आणि संगणक यांच्या मध्ये एक दुवा असतो आणि त्याचे नाव तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते. तो दुवा म्हणजे बिट सिंक्रोनायझर. 'बिटांचा काळ जुळविणारा' या अर्थाने पुढील विवेचनात त्याला 'समकालक' असे सुटसुटीत नाव योजले आहे. गेल्या काही दशकांत या उपकरणाचे रूप तर पालटलेच, पण त्याच्याकडून असलेली अपेक्षाही बदलली.

पूर्वी मोजमाप पाठविताना वाहक लहर त्या मोजमापाच्या प्रमाणात कमीअधिक केली जात असे. तापमान वाढले की लहरीची कंप्रता वाढे, घटले की घटे. ही पद्धत सोपी होती. पण वाटेत मिसळलेला गोंगाट मूळ मोजमापापासून वेगळा काढता येत नसे. इंग्लिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी पॅरिसमध्ये काम करीत असताना वेगळा मार्ग सुचविला आणि १९३८ मध्ये त्याचे फ्रेंच पेटंट घेतले. प्रत्येक मोजमापाचा आधी आकडा करावयाचा, तो आकडा केवळ शून्य आणि एक या दोन चिन्हांत लिहावयाचा आणि ती चिन्हे स्पंदांच्या रूपाने एकामागून एक धाडावयाची, अशी ही पद्धत. तंत्रज्ञ तिला 'पीसीएम' म्हणतात. यातील प्रत्येक शून्य वा एक म्हणजे एक बिट. पुढे दूरमापनाचा बहुतेक व्यवहार याच पद्धतीवर आला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतून सेकंदाला ५१,२०० बिट या गतीने माहिती पृथ्वीवर येत होती.

शून्य आणि एक यांतच निवड करावयाची असेल, तर अडचण कोणती, असा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे. यानातून निघताना स्पंदांच्या कडा पाटीवर आखलेल्या रेघांप्रमाणे रेखीव असतात. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्या बोथट होतात, त्यांवर गोंगाटाची पुटे चढतात, आणि हाती येते ती खालीवर होणारी एक केसाळ वक्ररेषा. त्या रेषेवर 'येथे एक बिट संपला व येथून दुसरा सुरू झाला' अशी खूण कोणी केलेली नसते. बिटांबरोबर घड्याळ पाठविण्याची सोय नसते. कारण त्यासाठी वेगळी वाहिनी, वेगळी शक्ती खर्चावी लागेल.

मोडी लिपीतील जुनी दफ्तरे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ही अडचण तत्काळ कळेल. मोडीत आधी सलग शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याचा प्रघात नाही. 'तोरण' ही तीन अक्षरे आली, तर ते दारावरचे तोरण मानावयाचे की 'तो रण' असे तोडावयाचे, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे असते. एकदा तोड चुकली की पुढची ओळच्या ओळ भलता अर्थ देऊ लागते. दूरमापनात शब्दांच्या जागी बिट आहेत आणि वाचकाच्या जागी समकालक आहे, एवढाच काय तो फरक. अर्थात मोडी वाचणाऱ्याला मागेपुढे पाहून संदर्भाने अर्थ लावता येतो. समकालकाला तसा अवसर नसतो.

त्याला प्रथम आलेल्या वक्ररेषेतील ताल ओळखावा लागतो. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो तेव्हा रेषा वर किंवा खाली वळते. ही वळणे बिटांच्या सीमेवरच येत असल्यामुळे त्यांवरून समकालक आपले अंतर्गत घड्याळ जुळवून घेतो. ताल सापडला की प्रत्येक बिटाच्या संपूर्ण अवधीत आलेल्या विद्युत् दाबाची तो बेरीज करतो. कारण गोंगाट कधी वर कधी खाली ओढतो आणि बेरजेत त्याची बरीचशी वजावट होऊन जाते. बेरीज धन आली तर एक, ऋण आली तर शून्य, असा निर्णय देऊन तो घड्याळासह पुढच्या यंत्राकडे सुपूर्द करतो. ते यंत्र मग या बिटांतून तापमान, दाब, वेग अशी मोजमापे निवडून काढते.

पण समजा, ओळीने शंभर शून्येच आली, तर? वळणच नाही, मग ताल कशावरून धरावयाचा? लेझीम खेळताना हलगीवाला क्षणभर थांबला, तरी खेळणाऱ्यांची पावले काही वेळ तालात पडत राहतात. मात्र खंड लांबला की एकेकाचे पाऊल चुकू लागते. समकालकाचेही तसेच आहे. म्हणून पाठविण्यापूर्वीच बिटांचा क्रम एका ठरीव गणिताने विसकटून टाकण्याची पद्धत पडली, म्हणजे लागोपाठ तीच चिन्हे फार काळ येत नाहीत. ग्रहणस्थानी त्याच गणिताने क्रम पुन्हा सरळ करून घेतला जातो. अमेरिकेतील चाचणीक्षेत्रांच्या संघटनेने तयार केलेली 'आयरिग १०६' ही मानके दूरमापनात दूरवर वापरली जातात. त्यांतही या पद्धतीला स्थान मिळालेले आहे.

याहून कठीण प्रश्न घड्याळाच्या लवचिकपणाचा आहे. समकालकाचे घड्याळ येणाऱ्या प्रत्येक वळणाबरोबर चटकन सरकणारे ठेवले, तर बिटांची गती बदलली तरी ते मागे पडत नाही. परंतु गोंगाटाने उमटलेल्या खोट्या वळणांच्या मागेही ते तितक्याच तत्परतेने धावते. उलट ते संथ ठेवले तर गोंगाटाला भीक घालत नाही, पण खरोखरच गती बदलली तर मागे पडते आणि ताल सुटतो. गायकाबरोबर वाहवत जाणारा तबलजी जसा कामाचा नाही, तसाच गायकाने लय वाढविली तरी आपला ठेका न सोडणाराही कामाचा नाही. या दोहोंमधील मध्यबिंदू कोठे ठेवावयाचा, हे समकालक बनविणाऱ्याला आधीच ठरवावे लागे. हा निर्णय किरकोळ वाटतो खरा. तो किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण शनिग्रहाच्या वाटेवर घडले.

अमेरिकेची 'नासा', युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीची अवकाश संस्था यांच्या सहकार्याने १५ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅसिनी हे यान शनीकडे निघाले. त्याच्या अंगावर ह्यूजेन्स नावाचे छोटे युरोपीय यान होते. शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन याच्या दाट वातावरणात ह्यूजेन्सने हवाई छत्रीने उतरावे, उतरताना मोजमापे घ्यावीत व छायाचित्रे काढावीत, ती बिनतारी मार्गाने वरून जाणाऱ्या कॅसिनीकडे द्यावीत आणि कॅसिनीने ती पृथ्वीकडे पाठवावीत, अशी योजना होती. ह्यूजेन्स काही तासच चालणार होते. चुकले तर पुन्हा प्रयत्न करण्यास वाव नव्हता.

दोन्ही यानांमधील सापेक्ष वेग मूळ योजनेनुसार सेकंदाला सुमारे साडेपाच ते सहा किलोमीटर राहणार होता. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा शिटीचा स्वर चढा लागतो व दूर जाताना उतरतो, हा अनुभव सर्वांना आहे. डॉप्लर परिणाम या नावाने तो ओळखला जातो. बिनतारी लहरींनाही हाच नियम लागू आहे आणि वाहक लहरीची कंप्रता यामुळे सरकणार, हे आराखडा करणाऱ्यांनी अचूक हेरून ग्राहकयंत्रात त्याची तजवीज केली होती. पण लहरीबरोबर तिच्यावर स्वार झालेले बिटही दाटीने येणार, म्हणजे बिटांची गतीही तेवढ्याच प्रमाणात वाढणार, ही गोष्ट मात्र समकालकाच्या बाबतीत हिशेबात धरली गेली नव्हती.

ही वाढ किती? प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, यानांचा सहा. म्हणजे पन्नास हजारांत एक भाग. ह्यूजेन्सच्या प्रत्येक वाहिनीवरून सेकंदाला ८,१९२ बिट येणार होते. त्यांत फरक पडणार होता एका बिटाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याचा. दुसऱ्या शब्दांत, समकालकाने आपले घड्याळ सरकविले नाही, तर दर सहा सेकंदांनी तो एका बिटाने मागे पडणार. कोट्यवधी किलोमीटर प्रवास करून मिळविलेली माहिती एवढ्याशा फरकाने निकामी होण्याची वेळ आली होती. कारण या समकालकाचे घड्याळ गरजेपेक्षा संथ ठेवले गेले होते, आणि ते संथपण बदलण्याची कोणतीही सोय यान उडाल्यानंतर उरलेली नव्हती. ती आज्ञावली यंत्रात कायमची कोरलेली होती.

हा दोष ध्यानात आला तोही एका अभियंत्याच्या चिकाटीमुळे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेवेतील स्वीडिश अभियंते बोरिस स्मेड्स यांनी असा आग्रह धरला की, कॅसिनीची केवळ वरवरची तपासणी पुरेशी नाही; ह्यूजेन्स उतरताना जसा संदेश येईल तसाच, वेगामुळे पडणाऱ्या फरकासह, पृथ्वीवरून कॅसिनीकडे पाठवून पाहावा. इतकी गुंतागुंत कशाला, असाच काहींचा सूर होता. अखेर परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्रावरून ही चाचणी घेण्यात आली. वाहक लहर कॅसिनीने बिनचूक पकडली. पण तिच्यावरील माहितीचा विचका झाला. संपूर्ण साखळीची अशा प्रत्यक्षवत् परिस्थितीत चाचणी उड्डाणापूर्वी झालेली नव्हती.

समकालक बदलता येत नाही, तर मग काय बदलता येईल? युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त पथकाने २००१ मध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर मोठे मनोज्ञ आहे. त्यांनी यानाचा मार्गच बदलला. मूळ योजनेत कॅसिनी टायटनपासून अवघ्या १,२०० किलोमीटरवरून जाणार होते. नव्या योजनेत ते सुमारे ६०,००० किलोमीटरवरून जावे असे ठरले. रुळांलगत उभ्या असलेल्या माणसाला गाडी थेट अंगावर आल्यासारखी वाटते. दूरच्या शेतात उभा असलेला माणूस तीच गाडी आडवी सरकताना पाहतो. त्याच न्यायाने दूरवरून जाणाऱ्या कॅसिनीचा ह्यूजेन्सच्या रोखाने असलेला वेग कमी भरला आणि बिटांच्या गतीतील फरक समकालकाच्या आटोक्यात आला. याशिवाय ह्यूजेन्स ठरल्यापेक्षा काही तास आधी सुरू करून त्यातील घड्याळ तापू द्यावयाचे, म्हणजे त्याची गतीही अनुकूल दिशेने थोडी सरकते, अशीही युक्ती योजण्यात आली.

१४ जानेवारी २००५ रोजी ह्यूजेन्स टायटनवर उतरले. पृथ्वीपासून इतक्या दूर दुसरे कोणतेही यान आजवर उतरलेले नाही. समकालकांनी आपले काम चोख बजावले. नशिबाची थट्टा अशी की, दोनपैकी एका वाहिनीचा ग्राहक सुरू करण्याची आज्ञाच कॅसिनीला द्यावयाची राहून गेली आणि त्या वाहिनीवरील सुमारे साडेतीनशे छायाचित्रे हातची गेली. दुसऱ्या वाहिनीवरील माहिती मात्र उत्तम प्रकारे मिळाली. गमावलेल्या वाहिनीवरील वाऱ्यांच्या प्रयोगाचे काम पृथ्वीवरील प्रचंड रेडिओ दुर्बिणींनी बऱ्याच अंशी भरून काढले. कारण वाऱ्यांचा वेग काढण्यास बिटांची गरज नव्हती, केवळ वाहक लहरीच्या कंप्रतेतील चढउतार पुरेसे होते.

वाहक लहर ऐकू येणे आणि तिच्यावरील बिट वाचता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. याचा प्रत्यय महाराष्ट्राच्या भूमीवरही आला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय संस्थेचे स्कियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याची क्षीण वाहक लहर खोडदच्या दुर्बिणीने पकडली आणि उतरण्याच्या नियोजित क्षणाच्या थोडे आधी ती लहर खंडित झाल्याचेही नोंदविले. यान कोसळले होते. पण का कोसळले, हे लहरीवरून कळणे शक्य नव्हते. ते कळले मंगळाभोवती फिरणाऱ्या सहचर यानाने टिपलेल्या बिटांवरून. गिरकी मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहिले, त्यामुळे यानाच्या संगणकाने आपण जमिनीखाली पोहोचलो असा हिशेब केला आणि हवाई छत्री वेळेआधीच सोडून दिली. यान गेले, परंतु त्याची जबानी मागे राहिली. चाचणीच्या क्षेत्रात अपयशी उड्डाणाची शेवटची काही सेकंदे सर्वांत मौल्यवान असतात, ती याच कारणाने. आणि नेमक्या त्याच वेळी, यान भेलकांडत असताना व ॲंटेनाची दिशा चुकत असताना, संदेश सर्वांत दुबळा असतो.

जमिनीवरील केंद्रांत समकालक कसा पालटत गेला, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी तो लोखंडी मांडणीत बसविलेला एक स्वतंत्र पेटारा असे. त्याच्या दर्शनी भागावर बिटांची गती, संकेताचा प्रकार आणि घड्याळाचे संथपण ठरविणाऱ्या फिरत्या कळा असत. ताल सापडला की एक दिवा लागे, आणि उड्डाणाच्या वेळी तंत्रज्ञाची नजर त्या दिव्यावर खिळलेली असे. संदेश प्रथम चुंबकीय फितीवर जसाच्या तसा उतरवून घेत आणि सवडीने फीत वाजवून बिट काढीत. फीत किंचित जरी मागेपुढे ओढली गेली तरी बिटांची गती डळमळे, आणि या डळमळीतूनही समकालकालाच वाट काढावी लागे. पुढे अंकीय नोंदयंत्रे आली, आणि आधी समकालकाने बिट ठरवावयाचे व मग ते साठवावयाचे, असा क्रम उलटा झाला. यात सोय मोठी होती. पण एक धोकाही होता. समकालकाने चूक केली, तर मूळ संदेश हाताशी नसल्यामुळे ती दुरुस्त करावयाची कशी?

या धोक्यावर उपाय निघाला तो संगणकाच्या वाढत्या शक्तीतून. तो जुना पेटारा आधी एका पट्टिकेवर आला, नंतर ग्राहकयंत्राच्या पोटात शिरला आणि आज तो पुष्कळदा केवळ एक आज्ञावली असतो. आज्ञावली बदलता येते. २००६ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या अमेरिकी यानावरील इलेक्ट्रा हे रेडिओयंत्र पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठवून सुधारता येईल, अशा बेताने बनविलेले आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरत असताना याच यानाने तिचा संदेश बिट न ठरवता जसाच्या तसा टिपून ठेवला, म्हणजे नंतर निवांतपणे, वाटेल तितक्या वेळा, वेगवेगळ्या रीतींनी त्यातून बिट काढता येतील. ज्याची सोय नसल्यामुळे ह्यूजेन्सचा मार्ग बदलावा लागला, ती सोय आता आरंभापासूनच गृहीत धरली जाऊ लागली आहे.

तथापि सर्वांत महत्त्वाचा बदल यंत्राच्या आकारात नव्हे, त्याच्या निकालात झाला. जुना समकालक न्यायाधीशासारखा होता. बेरीज शून्याच्या किंचित वर असो की पुष्कळ वर, तो 'एक' असेच म्हणे, आणि त्या किंचितपणाची नोंद कोठेही राहत नसे. आज बिटांबरोबर काही जादा बिट पाठवून चुका सुधारण्याच्या प्रभावी पद्धती वापरात आहेत. या पद्धतींना पक्क्या निकालापेक्षा साक्ष अधिक उपयोगी पडते. 'हा बिट बहुधा एक आहे, पण खात्री बेताचीच', असे समकालकाने सांगितले, तर पुढचे गणित त्या बिटावर कमी भार टाकते आणि खात्रीच्या बिटांच्या आधारे चूक हुडकून काढते.

अशीच गोष्ट अनेक केंद्रांची. लांब पल्ल्याच्या उड्डाणात एकच संदेश चारपाच ॲंटेना एकाच वेळी ऐकत असतात, आणि कोणाचा मजकूर खरा मानावयाचा हे क्षणोक्षणी ठरवावे लागते. ताल सापडल्याचा दिवा सर्वांचाच लागलेला असेल, तर त्यावरून निवड कशी करणार? यास्तव 'आयरिग' मानकांच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बिटांच्या प्रत्येक गठ्ठ्याला गुणवत्तेचा एक आकडा जोडण्याची रीत घालून दिलेली आहे. चूक होण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो आणि निवड करणारे यंत्र त्यावरून उत्तम गठ्ठे वेचून एकच प्रवाह तयार करते. तक्त्यातील प्रत्येक नोंदीपुढे 'प्रत्यक्ष पाहिले' की 'ऐकीव' असा शेरा मारणाऱ्या दक्ष कारकुनाची येथे आठवण व्हावी.

मधल्या काळात केंद्राकेंद्रांमधील तारांची जागा संगणकीय जाळ्यांनी घेतली. जाळ्यातून बिट पुडक्यांच्या स्वरूपात जातात. कधी दोन पुडकी एकदम येतात, कधी मध्येच खंड पडतो. मूळ ताल असा मोडला की पलीकडच्या टोकाला तो नव्याने उभारावा लागतो. समकालक कालबाह्य झाला असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच फारसे खरे नाही. तो एका दाराने बाहेर पडला आणि दुसऱ्या दाराने आत आला.

शेतावरच्या, धरणावरच्या साध्या दूरमापनात तर तो नजरेसही पडत नाही. महसूल मंडळांतून उभारलेली स्वयंचलित हवामान केंद्रे आपली मोजमापे भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून पाठवितात, तेव्हा समकालक त्यातील नखाएवढ्या चकतीत दडलेला असतो. पावसाच्या त्या आकड्यांवर फळपीक विम्याचे दावे अवलंबून असतात आणि धरणाच्या वरच्या अंगाला पडलेल्या पावसाच्या नोंदी दरवाजे उघडण्याच्या वेळी पाहिल्या जातात. वाटेत बिट हरवला तर ही यंत्रे सहसा तो पुन्हा मागवून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. अग्निबाणाला तसे परत विचारता येत नाही. परंतु आकडा आलाच नाही आणि आकडा शून्य आला, यांतील भेद कागदावर राहिला पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच. पाऊस पडला नाही म्हणून आलेले शून्य आणि केंद्र मुके झाले म्हणून भरलेले शून्य एकाच रकान्यात एकाच रूपाने बसले, तर पुढे कोणत्याही तज्ज्ञाला ते वेगळे करता येणार नाही.

चाचणीक्षेत्रांवर उड्डाणापूर्वी समकालकाची परीक्षा घेण्याची रीत आजही जुनीच आहे. ३२,७६७ बिटांची एक ठराविक, वरकरणी अस्ताव्यस्त दिसणारी मालिका पुन्हा पुन्हा पाठविली जाते. पलीकडे कोणता बिट यावा हे आधीच ठाऊक असल्यामुळे लाखांत किती चुकले, हे सरळ मोजता येते. मग संदेश हळूहळू क्षीण करीत नेतात, त्यात मुद्दाम गोंगाट मिसळतात आणि ताल कोणत्या पातळीला सुटतो ते टिपून ठेवतात. मध्येच संदेश तोडून पुन्हा जोडतात आणि ताल परत सापडण्यास किती बिट लागले तेही मोजतात. आणि वेगवान यानाचा संदेश ऐकावयाचा असेल, तर पाठविणाऱ्या यंत्राचे घड्याळ जाणूनबुजून थोडे पुढे व थोडे मागे सरकवून पाहतात. समकालक त्याच्यामागून कोठवर येतो, ते पाहून मगच उड्डाणाला संमती दिली जाते.